वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमधला वॉरियर: सोबत असेल तर जरूर घ्या

आधी निकाल सांगते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन खेळात नऊ क्लास (पात्रांचे प्रकार) आहेत आणि पहिल्या तीस लेव्हलपर्यंत सगळ्यात जास्त घाम काढणारा क्लास वॉरियर आहे. सोबत एक-दोन माणसं असतील आणि त्यातलं एक हीलर (बाकीच्यांना बरं करणारं पात्र) असेल, तर डोळे झाकून वॉरियर घ्या. एकट्याने खेळणार असाल, रात्री जेवणं उरकल्यावर जेमतेम तासभर मिळत असेल, तर हंटर घ्या. त्याच्या वाटचा मार खायला पाळलेलं जनावर असतं. हे पहिल्याच परिच्छेदात लिहायचं कारण असं की योद्धा म्हटलं की लोकांना वाटतं, हा दणकट, म्हणजे सोपा, म्हणजे नवख्याने घ्यायचा. तसं अजिबात नाही. आणि तरीही मला हाच क्लास सगळ्यात जास्त आवडतो, तो का, ते पुढे येईलच.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते आणि रात्री खेळते. माझ्यासोबत दोघं असतात. एक बहिणीचा मुलगा, जुळे सोलापुरात राहतो, इंजिनिअरिंगला आहे, त्याचा मेज, म्हणजे जादूगार. दुसरी माझी धाकटी भावजय, ती भावाबरोबर पुण्यात असते, तिची प्रीस्ट, म्हणजे आमची हीलर. मी वॉरियर घेते म्हटल्यावर भाचा म्हणाला होता, "मावशी, मेज घे की. वॉरियर घेऊन सारखं मरत बसशील बघ." त्याचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं.

खेळाबद्दल थोडक्यात. मूळ खेळ ब्लिझर्डने नोव्हेंबर २००४ मध्ये आणला. पुढच्या वर्षांत त्यात इतकं काही बदललं की बऱ्याच जणांना पहिलाच खेळ परत हवासा झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये क्लासिक सुरू झाला: ६० लेव्हलची मर्यादा, टॅलेंटची (गुण टाकून निवडायच्या कौशल्यांची) जुनी झाडं, लांबच लांब पायी रस्ते. अमेरिकेतली वर्गणी महिन्याला १४.९९ डॉलर, त्यात नवा आणि जुना दोन्ही खेळ येतात. आपल्या पगाराच्या मानाने ही रक्कम लहान नाही, म्हणून ज्या महिन्यात खरंच खेळायला वेळ मिळणार आहे त्याच महिन्याचे पैसे भरावेत. मार्च अखेरीला माझ्या टेबलावर कागदांचा ढीग असतो, तेव्हा मी वर्गणी बंद ठेवते. पात्र कुठे जात नाही. मशीन मात्र साधं चालतं, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या माझ्या लॅपटॉपवर खेळ सुरळीत पळतो.

आता वंश कोणता घ्यायचा. क्लासिकमध्ये आठही वंशांना वॉरियर होता येतं, त्यामुळे इथेच लोक अडकतात. शोधलं की ठरलेलं उत्तर सापडतं: खेळातल्या दोन पक्षांपैकी अलायन्समध्ये ह्यूमन, होर्डमध्ये ऑर्क. त्यामागचं कारण खरं आहे. ह्यूमनला तलवारीत आणि गदेत वेपन स्किलचे (हत्यार चालवायच्या कौशल्याचे) ५ गुण जास्तीचे मिळतात, ऑर्कला कुऱ्हाडीत ५. साठाव्या लेव्हलला वेपन स्किल ३०० असताना रेडच्या (मोठ्या गटाने करायच्या मोहिमेच्या) बॉसवर आपले खास वार चुकू नयेत म्हणून ९ टक्के हिट (वार लागण्याची वाढीव शक्यता) गोळा करावा लागतो, ३०५ असेल तर ६ टक्क्यांत भागतं. तीन टक्के म्हणजे एखादं चिलखत दुसऱ्या कामाला मोकळं झालं. पण ही गरज साठाव्या लेव्हलची आणि तीही रेड करणाऱ्यांची. तिथे पोचेपर्यंत कित्येक आठवडे तुम्ही ज्या पात्राची पाठ बघत चालणार आहात ते तुम्हाला आवडलं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

मी ड्वार्फ बाई घेतली. भाच्याचा मेज ग्नोम, आणि ड्वार्फ-ग्नोम दोघंही कोल्डरिज व्हॅलीतूनच सुरू होतात, म्हणजे पहिल्या लांडग्यापासून आम्ही बरोबर. दुसरं कारण स्टोनफॉर्म. एक बटण दाबलं की विष, रोग आणि रक्तस्राव तिन्ही उतरतात आणि आठ सेकंद चिलखत १० टक्क्यांनी वाढतं. विशीच्या लेव्हलमध्ये विषारी कोळी आणि चाकूवाले दरोडेखोर पावलोपावली आहेत, तिथे याची किंमत कळते. तिसरं कारण आमच्या गावाचं. मे महिन्यात सोलापुरात पारा चव्वेचाळीसकडे जातो, रात्री अकरालाही भिंती गरम असतात, आणि समोर ड्वार्फांच्या डन मोरो प्रदेशात बर्फ पडत असतो. मला ते फार आवडतं.

ज्यांना होर्ड आवडतं त्यांनी टॉरेनचाही विचार करावा. त्यांचं मूळ आरोग्य ५ टक्के जास्त असतं आणि वॉर स्टॉम्पने आसपासचे पाच जण दोन सेकंद जागच्या जागी थांबतात. टँकच्या, म्हणजे गटासाठी पुढे उभं राहून मार खाणाऱ्याच्या, हातात दोन सेकंद म्हणजे पुष्कळ झाले.

रेज, म्हणजे खास वार करायला लागणारा संताप, समजला की अर्धा वॉरियर समजला. मेजचा माना (मंत्रांना लागणारी ताकद) लढाई सुरू होताना भरलेला असतो, आपण चार दिवसांचं पाणी टाकीत भरून ठेवतो तसा. वॉरियरची टाकी सुरुवातीला कोरडी असते. तुम्ही मारलं की रेज येतो, तुम्हाला लागलं की येतो, आणि लढाई संपली की हळूहळू ओसरून जातो. शंभरच्या वर साठत नाही. म्हणजे जे हत्यार जोरात मारतं तेच जास्त रेज देतं, जास्त रेज म्हणजे जास्त खास वार. हत्यार जुनं असेल तर वारही लागत नाही आणि रेजही येत नाही. या क्लासचं सगळं सुखदुःख इथून निघतं.

चौथ्या लेव्हलला चार्ज मिळतो आणि खेळाचा रंग पालटतो. ८ ते २५ यार्डांवरच्या शत्रूवर झेप घ्यायची, तो क्षणभर सुन्न होतो आणि तुमच्या खात्यात ९ रेज जमा. मात्र लढाई सुरू झाल्यावर चार्ज चालत नाही, म्हणून एकाला संपवून दुसऱ्याकडे जाताना थोडं लांब उभं राहायची सवय लावा. हिरोइक स्ट्राइक पहिल्या दिवसापासून मिळतो म्हणून सगळे तोच दाबत सुटतात. त्याला १५ रेज लागतो आणि तो तुमच्या साध्या वाराच्या जागी बसतो, म्हणजे त्या साध्या वाराने जो रेज आला असता तोही गेला. सुरुवातीच्या लेव्हलमध्ये बॅटल शाउट (मार वाढवणारी आरोळी) आणि रेंड यांवर रेज घालवावा. रेंडने रक्त वाहत राहतं, त्याला १० रेज पुरतो. यंत्रं आणि एलिमेंटल यांना रक्त नसतं, त्यांच्यावर तो वाया जातो.

शत्रू निवडताना आपल्यापेक्षा एक-दोन लेव्हल खालचेच घ्या. वरच्या लेव्हलचा शत्रू असेल तर तुमचे वार चुकतात, तो हुकवतो, अडवतो, आणि लागलेले वारही अर्धवट लागतात. वार चुकला की रेज नाही, रेज नाही म्हणून खास वार नाही. मेज तीन लेव्हल वरच्याला लांबून गोठवून मारू शकतो, त्याचं बघून आपण करायला जाऊ नये.

आठव्या लेव्हलला येणारं, शत्रूला लंगडा करणारं हॅमस्ट्रिंग फारसं कुणी मनावर घेत नाही. वेस्टफॉलच्या किनाऱ्यावर मरलॉक (मासेमाणसं) असतात. मरायला टेकला की मरलॉक पळतो, आणि पळत जाऊन तळावरचे आणखी तीन घेऊन परत येतो. वॉरियर सगळ्यात जास्त अशानेच मरतो. शत्रूचं आरोग्य चौथाईच्या आसपास आलं की खिशात १० रेज राखून ठेवा आणि तो वळायच्या आत हॅमस्ट्रिंग मारा. तो लंगडत चार पावलं जातो आणि तिथेच पडतो. मी रेजच्या पट्टीकडे बघतच नाही, त्याच्या आरोग्याच्या पट्टीकडे बघते. भाच्याने हे माझं बघून त्याच्या मित्राला शिकवलं.

आणि फर्स्ट एड. वॉरियरला स्वतःला बरं करायचा एकही मंत्र नाही, म्हणून पट्ट्या बांधायला शिकायचंच. माणसासारख्या शत्रूंकडून कापड मिळतं, आधी लिनन, मग वूल, सिल्क, मेजवीव्ह, रूनक्लॉथ. सहा ते आठ सेकंद पट्टी बांधत बसायचं, मध्ये कुणी मारलं तर मोडली, आणि एकदा बांधली की मिनिटभर दुसरी नाही. तेवढ्या वेळात भावजयीशी दोन शब्द बोलून होतात. पहिल्या वीस लेव्हलपर्यंत लिनन आणि वूल विकू नका, कितीही मोह झाला तरी.

स्टान्स, म्हणजे लढायचे पवित्रे, तीन आहेत. बॅटल पहिल्यापासून, डिफेन्सिव्ह दहाव्या लेव्हलला, बर्सर्कर तिसाव्याला, आणि शेवटचे दोन्ही क्वेस्ट (सोपवलेली कामगिरी) करून मिळवावे लागतात, प्रशिक्षकाकडे पैसे देऊन नाही. डिफेन्सिव्हमध्ये लागणारा मार १० टक्के कमी, तुमचा मारही १० टक्के कमी, पण शत्रूंचा राग तुमच्यावर जास्त. बर्सर्करमध्ये क्रिटची (दुप्पट बसणाऱ्या वाराची) शक्यता ३ टक्के वाढते आणि मार १० टक्के जास्त बसतो. स्टान्स बदलला की साठलेला रेज शून्य होतो. हे फार बोचतं. त्यावर उपाय टॅक्टिकल मास्टरी नावाचं टॅलेंट, त्यात पाचही गुण टाकले की बदलताना २५ रेजपर्यंत शिल्लक राहतो.

आता हत्यार. माझं या क्लासबद्दलचं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं: वॉरियर वाढवायचा म्हणजे त्याचं हत्यार वाढवायचं. चिलखत जुनं चालतं, अंगठी नसली तरी चालते, हातमोजे दहा लेव्हल मागचे असले तरी कुणाचं बिघडत नाही. हत्यार पाच-सहा लेव्हल मागे पडलं की तुम्ही थांबलात. म्हणून माझ्या वॉरियरच्या सोन्याचा पहिला हक्क हत्याराचा, मग पट्ट्यांचा, मग बाकीच्यांचा. दोन हातांचं, जड, सावकाश फिरणारं हत्यार घ्या, ३.४ सेकंदांच्या वर वेग असलेलं. एकेक वार मोठा बसतो आणि खास वारांचा हिशेब त्याच मोठ्या आकड्यावर होतो. धार लावायचे दगड लिलावघरात स्वस्त मिळतात, अर्धा तास टिकतात, गदा-हातोड्यांसाठी वेगळे वजनाचे दगड असतात. लोहारकाम स्वतः शिकायची गरज नाही, त्यात सोनं फार जातं. खाणकाम आणि कातडी काढणं शिका, दोन्ही विका, त्या पैशातून हत्यार घ्या.

सावकाश हत्याराचा आणखी एक फायदा आपल्याकडच्या लोकांना कुणी सांगत नाही. भारतात या खेळाचा सर्व्हर नाही, आम्ही युरोपच्या सर्व्हरवर खेळतो, त्यामुळे बटण दाबणं आणि पडद्यावर काही घडणं यांत जाणवण्याइतका उशीर असतो. साडेतीन सेकंदांत एकदा फिरणाऱ्या कुऱ्हाडीला त्या उशिराचं काही वाटत नाही. शत्रूने वार हुकवल्यावर मिळणारा ओव्हरपॉवरसुद्धा पाच सेकंद तुमची वाट बघतो. रोग (Rogue) नावाच्या चपळ क्लासचा खेळ सोलापुरातून खेळताना जसा हातातून निसटतो तसं इथे होत नाही.

हत्यारांचा माझा प्रवास असा झाला. वेस्टफॉलच्या डेडमाइन्समध्ये मिस्टर स्माइट नावाचा टॉरेन आहे, जहाजावर उभा असतो. लढता लढता तो जमिनीवर पाय आपटतो, सगळे सुन्न होतात, तो शांतपणे आपल्या पेटीकडे जातो आणि हत्यार बदलून येतो. असं दोनदा. शेवटी त्याच्या हातात जो मोठा हातोडा असतो तो कधीकधी तो मेल्यावर मिळतो, आणि अठराव्या लेव्हलपासून वापरता येतो. तो मिळाला तर पंचविशीपर्यंत हत्याराची चिंता मिटली.

त्यानंतरचं हत्यार म्हणजे व्हर्लविंड ॲक्स, आणि वॉरियर घेतलेल्या प्रत्येकाने हे क्वेस्ट करावंच. तिसाव्या लेव्हलला प्रशिक्षक तुम्हाला फ्रे बेटावर धाडतो. बेट बॅरन्सच्या किनाऱ्याजवळ, रॅचेटच्या खाली. तिथे रिंगणात एकामागून एक लढवय्ये अंगावर येतात, शेवटी बिग विल. ते पार पडलं की बर्सर्कर स्टान्स मिळतो, आणि पुढे ऑल्टरॅकच्या डोंगरात राहणाऱ्या बाथ्राकडे जायचं. तो सामानाची यादी देतो: आठ लाइफरूट (औषधी वनस्पती), ब्लडस्काल्प ट्रोलांचे तीस सुळे आणि अराथीतल्या एलिमेंटलकडून मिळणारं एक एसेन्स. लाइफरूट लिलावघरातून सरळ विकत घ्या. सुळ्यांसाठी स्ट्रँगलथॉर्नच्या जंगलात जायचं, आणि तिथे एकट्या वॉरियरने ट्रोलांच्या वस्तीच्या कडेकडेने, एकेकाला बाहेर ओढून मारावं. आत घुसू नये. प्रत्येक ट्रोलकडे सुळा सापडत नाही, मन घट्ट करावं लागतं.

सगळं जमलं की बाथ्रा सायक्लोनियनला बोलावतो. हा वाऱ्याचा एलिट (गटाने मारायचा) एलिमेंटल, चाळिशीच्या आसपासचा, आणि तुम्ही तेव्हा चौतीस-पस्तीसचे. एकट्याने शक्यच नाही. आमचं हे जानेवारीत झालं. गड्ड्याच्या यात्रेसाठी भाऊ आणि भावजय सोलापूरला आले होते, नंदीध्वजांची मिरवणूक बघून सगळे दमून घरी आलो, आणि जेवणं झाल्यावर आम्ही तिघं एकाच खोलीत आपापले लॅपटॉप घेऊन बसलो. एरवी पुण्याहून कानात ऐकू येणारा आवाज शेजारच्या गादीवरून येत होता.

मी कुऱ्हाड ठेवली, ढाल घेतली, डिफेन्सिव्हमध्ये गेले. सायक्लोनियन आला तसा टाँट (शत्रूला डिवचून आपल्याकडे वळवणं) आणि लगोलग सन्डर. सन्डर आर्मर पाचपर्यंत चढतो, प्रत्येक थराने शत्रूचं चिलखत उतरतं आणि त्याचा राग तुमच्यावर पक्का होतो. भाच्याला सांगून ठेवलं होतं, "तीन सन्डर होऊ दे, मग टाक तुझे फ्रॉस्टबोल्ट." त्याने थांबून घेतलं. निम्म्यापर्यंत सगळं नीट चाललं. मग भावजय म्हणाली, "ताई, माना संपत आला, दोन हील निघतील फक्त." त्याच वेळी शील्ड वॉल दाबली. हा अठ्ठाविसाव्या लेव्हलला मिळणारा वार, ढाल आणि डिफेन्सिव्ह स्टान्स दोन्ही हवेत, दहा सेकंद ७५ टक्के मार कमी लागतो आणि मग तीस मिनिटं मिळत नाही. त्या दहा सेकंदांत तिने एकही हील टाकली नाही, नुसता माना जमवला. भाच्याने होते नव्हते ते सगळे मंत्र टाकले. दहा सेकंद संपले तेव्हा सायक्लोनियनचं आरोग्य दहावा हिस्सा उरलं होतं, आणि राहिलेल्या दोन हीलमध्ये आम्ही तो संपवला. भावजय इतक्या मोठ्याने ओरडली की आई आतून बघायला आली.

बाथ्रा कुऱ्हाड, तलवार, हातोडा यांतलं एक निवडायला देतो. मी कुऱ्हाड घेतली, कारण आर्म्स नावाच्या टॅलेंटच्या झाडात कुऱ्हाडीचं टॅलेंट क्रिट वाढवतं. ह्यूमन असाल तर तलवारीचाही विचार करा. नवीन प्रकारचं हत्यार घेताना त्याचं स्किल १ पासून सुरू होतं हे लक्षात ठेवा. दोन हातांची कुऱ्हाड आधी कधी धरली नसेल तर शहरातल्या शस्त्रगुरूकडे १० चांदी देऊन शिका आणि आपल्यापेक्षा बऱ्याच खालच्या शत्रूंवर ती चालवून स्किल वर आणा. कुऱ्हाड हातात आल्यावर स्ट्रँगलथॉर्नच्या त्याच ट्रोलांपुढे पुन्हा उभं राहून बघा, पहिल्या दोन वारांतच फरक कळतो. भाच्याचा मेज तोपर्यंत प्रत्येक लढाईत माझ्या पुढे असायचा, त्या आठवड्यापासून आम्ही बरोबरीला आलो.

टॅलेंटबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे पर्याय कमी आहेत. दहाव्यापासून साठाव्या लेव्हलपर्यंत ५१ गुण मिळतात. वाढीच्या काळात आर्म्स. टॅक्टिकल मास्टरी लवकर पूर्ण करा, तिसाव्याला स्वीपिंग स्ट्राइक्स, चाळिसाव्याला मॉर्टल स्ट्राइक. स्वीपिंग स्ट्राइक्समुळे पुढचे पाच वार शेजारच्या शत्रूलाही लागतात. ते बॅटल स्टान्समध्ये दाबायचं, लगेच बर्सर्करमध्ये जायचं आणि छत्तिसाव्या लेव्हलचा व्हर्लविंड मारायचा. व्हर्लविंडला रेज लागतो २५, आणि टॅक्टिकल मास्टरी शिल्लक ठेवते तोही २५. ज्याने हे आखलं त्याने विचार करून आखलंय. तीन शत्रू एकदम अंगावर आले की पूर्वी मी पळत असे, आता थांबते. झाड बदलायचं झालं तर पहिल्यांदा १ सोनं लागतं, मग ५, आणि वाढत ५० पर्यंत जातं, त्यामुळे उगाच प्रयोग नकोत.

टँक व्हायला प्रोटेक्शनचं झाड लागतं असा समज आहे. साठाव्यापर्यंतच्या डंजनला (गटाने उतरायच्या खाणी-किल्ल्यांना) लागत नाही. आर्म्स टॅलेंट, पिशवीत ढाल आणि एका हाताचं बरं हत्यार, एवढ्यावर मी स्कार्लेट मोनॅस्टरीचे चारही भाग सांभाळले. टँक नेहमी कमी असतात, त्यामुळे तुम्ही ढाल घेतो म्हणालात की गट पटकन जमतो. वॉरियरला मिळणारं हे खरं सुख आहे. एकटं हिंडताना तुम्ही सगळ्यात मागे, पण डंजनच्या दारात लोक तुमचीच वाट बघत असतात. माझा नियम एकच: चार्ज करण्याआधी हीलरच्या मान्याकडे बघायचं. भावजय मला "ताई, जरा थांबा" म्हणाली की मी थांबते, मग गटातले बाकीचे कितीही घाई करोत. अनोळखी हीलर असेल तर तो बोलणार नाही, तेव्हा तर आपणच बघितलं पाहिजे.

हार्डकोअर सर्व्हरबद्दल वेगळं सांगते, कारण भाचा त्यासाठी मागे लागला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये अधिकृत हार्डकोअर सर्व्हर सुरू झाले, तिथे पात्र एकदा मेलं की संपलं. तुमची लाईट गेली, नेट तुटलं, तरी मेलेलं पात्र परत मिळत नाही, आणि नेट तुटल्यावर पात्र लगेच खेळातून बाहेरही पडत नाही, थोडा वेळ तिथेच उभं राहून मार खातं. मेज अशा वेळी बहुधा लांब उभा असतो, वॉरियर शत्रूच्या पुढ्यात. वळवाच्या पावसात आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो. राउटर इन्व्हर्टरवर घेतलाय, तरी बाहेरची लाईन गेली की काही चालत नाही. त्यामुळे सोलापुरातून हार्डकोअरमध्ये वॉरियर घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. इतक्या मेहनतीने वाढवलेलं पात्र तारेवर फांदी पडली म्हणून जाऊ देण्यात काही शौर्य नाही. साध्या सर्व्हरवर मेलात तर स्मशानातून भूत होऊन पळत यायचं आणि उठायचं.

चाळिसाव्या लेव्हलला दोन खर्च एकदम पुढे येतात. प्लेटचं चिलखत घालता येतं आणि वाहन घेता येतं. वाहन आणि ते चालवायचं शिक्षण मिळून शंभर सोन्याच्या आसपास जातात. सगळ्यांचा ओढा प्लेटकडे असतो, कारण ती दिसते छान. माझं म्हणणं, प्लेट विकत घेऊ नका, क्वेस्टमधून आपोआप येत राहते. मोनॅस्टरीच्या आर्मरीत हेरॉड नावाचा बॉस आहे, त्याच्याकडून रॅव्हेजर ही कुऱ्हाड मिळू शकते, तिच्यासाठी आधी दोन-चार फेऱ्या करा. तो गरगर फिरायला लागला की टँकनेसुद्धा बाजूला व्हायचं, फिरणं थांबलं की परत जाऊन टाँट मारायचा. रॅव्हेजर मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर व्हर्लविंड ॲक्सवरच बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत निभावतं, आणि तोवर वाचलेलं सोनं वाहनाला लावा.